पुढची खिडकी

विजयश्री घोलपला लहानपणापासून एक खोड होती. एखादी वस्तू बिघडली आणि दुरुस्त झाली, एवढ्याने तिचे समाधान होत नसे. ती बिघडली का होती, ते कळायला हवे. बार्शीला तिच्या वडिलांचे स्टोव्ह दुरुस्तीचे दुकान होते. गिऱ्हाईक स्टोव्ह घेऊन गल्लीच्या टोकाला पोचले तरी ही पायरीवर बसून विचारायची, "पण अण्णा, तो भडकत का होता?" अण्णा म्हणायचे, "गेला ना तो? मग झालं." तिच्या लेखी ते कधीच झालेले नसायचे.

लग्न होऊन ती चिंचवडला आली. बीएस्सीची पदवी कपाटात ठेवून सात वर्षे तिने शिकवण्या घेतल्या आणि मग निघोज्याजवळच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागली. त्याला आता चौदा वर्षे झाली. घर रावेतला झाले, केसांत पांढरे आले, पण सकाळी सहा दहाच्या कंपनीच्या बसमधली डावीकडची तिसरी जागा तिचीच राहिली.

काम सांगायला सोपे होते. भट्टीतून एका वेळी जेवढे लोखंड वितळून निघते त्याला तिथे 'हीट' म्हणत. प्रत्येक हीटमधून रुपयाच्या नाण्याएवढा एक तुकडा प्रयोगशाळेत यायचा. तो आरशासारखा घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि पाच ठिकाणचे पाच फोटो घ्यायचे. चांगल्या लोखंडात कार्बनचे काळे ठिपके गोल असतात, साबुदाण्यासारखे. वाईट लोखंडात ते वेडेवाकडे, किड्यांसारखे पसरलेले दिसतात. शंभरांत पंच्याऐंशी गोल असले तर माल पास. त्याखाली आला तर सगळी हीट पुन्हा भट्टीत.

हे मोजायचे काम कॉम्प्युटर करी. दादासाहेब नावाचे एक जुने प्रयोगशाळाप्रमुख होते. त्यांनी निवृत्त होण्याआधी त्यासाठी एक मॅक्रो लिहून ठेवला होता. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकामागून एक द्यायच्या हुकमांची यादी. बटण दाबले की पाचही फोटो आपापल्या चौकटीत, पत्त्यांच्या गड्डीसारखे एकावर एक उघडत. मग एकेक फोटो मोजला जाई, मोजून झाला की बंद होई, आणि शेवटी पाचांची सरासरी पडद्यावर येई. कॉम्प्युटर जुनाट, एका हीटला बारा मिनिटे लागत.

दादासाहेब हट्टाने मराठी लिहीत. सगळे जिला 'विंडो' म्हणत तिला ते 'खिडकी' म्हणत. जाताना त्यांनी टेबलाशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता. ठसठशीत अक्षरांत त्यावर एकच ओळ होती:

'मॅक्रो चालू असताना पुढच्या खिडकीला हात लावू नये.'

विजयश्रीने तीन वर्षे ही सूचना काटेकोर पाळली. एक फोटो मोजला जात असताना नंतर ज्याची पाळी आहे त्या फोटोकडे तिने कधी माउस नेला नाही.

ज्योतीराम गायके चार महिन्यांपूर्वी भट्टीवर आला. मूळचा औशाकडचा. आधीची नऊ वर्षे त्याने फेटलिंगला काढली होती. तिथे दिवसभर कास्टिंगच्या, म्हणजे ओतून काढलेल्या भागांच्या, कडा ग्राइंडरने घासायच्या. तोंडाला फडके बांधले तरी घरी जाऊन गुळणी केली की पाणी काळे पडते. तिथून भट्टीवर येणे म्हणजे त्याच्या दृष्टीने गावातून जिल्ह्याला येणे होते.

भट्टीवरचे बाकीचे लोक तुकडा कुणाच्या तरी हाती पाठवून देत. ज्योतीराम सवड मिळेल तेव्हा स्वतः येई. प्रयोगशाळेला दोन खिडक्या होत्या. मागची बसच्या तळाकडे उघडायची. पुढची दारालगत, शेडकडे तोंड करून. ह्या पुढच्या खिडकीची धुळीने माखलेली काच वीतभर सरकवून तो डोके आत घाली.

"ताई, कसं आलंय आमचं?"

"आत्ता कुठं मोजायला लावलंय. बारा मिनिटं थांबा."

"थांबतो की. पण दिसतंय कसं, ते तर दाखवा."

नऊ वर्षांत लोखंड आतून कसे दिसते ते त्याला कुणी दाखवले नव्हते, आणि विचारणाऱ्याला परत पाठवणे विजयश्रीच्या स्वभावात नव्हते. तिच्याजवळ वाईट लोखंडाचा एक नमुना फोटो होता. ज्योतीराम आला की तेवढ्यापुरता तो ती उघडी. ती त्याच्यावर क्लिक करायची, तो ओढून ज्योतीरामच्या फोटोशेजारी लावायची आणि म्हणायची, "हे बघा. हे असं असलं की गेलं. आणि हे तुमचं."

"आमचं मोत्यावानी हाय की."

"मोती नका म्हणू, आकडा येऊ द्या आधी."

आणि आकडा वाईट यायचा. सगळ्या वेळी नाही. पण सहा आठवड्यांत तीन वेळा आला: शहात्तर, सत्त्याहत्तर, पुन्हा शहात्तर. तीनही हीट परत वितळवाव्या लागल्या. मग गुरुवारी चौथी आली, अडुसष्ट.

शुक्रवारी सकाळी क्वालिटीचे मॅनेजर सलिलसाहेब प्रयोगशाळेत आले. माणूस तिशीतला, बोलायला मऊ.

"मॅडम, मी डेटा बघितला. चारही फेल हीट एकाच माणसाच्या आहेत."

"बघितलं मीही."

"सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याला परत फेटलिंगला पाठवायचं ठरतंय. तुमचा रिपोर्ट सहीनिशी लागेल. चारही आकडे कन्फर्म करून द्या, बस्स."

ते गेले आणि विजयश्री खुर्चीत बसून राहिली. तिच्या सहीने एक माणूस पुन्हा काळ्या पाण्याच्या गुळण्या करायला जाणार होता. आकडे खरे असतील तर तिला सही करावीच लागली असती. पण ते मोत्यांसारखे ठिपके तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि मोत्यांना शहात्तर कसे पडतात, हे तिच्या मनात स्टोव्हसारखे भडकत राहिले.

ती प्रत्येक तुकडा, तारीख आणि हीटचा नंबर लिहून, औषधाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवी. तिने तिसऱ्या फेल हीटची डबी काढली, तुकडा पुसला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गोल. सरळ सरळ गोल. मग त्याच हीटचे साठवलेले जुने पाच फोटो काढून तिने पुन्हा मॅक्रोला दिले आणि हात मांडीवर ठेवून बसली. बारा मिनिटांनी आकडा आला: एकोणनव्वद.

फोटो तेच. मॅक्रो तोच. त्या दिवशी शहात्तर, आज एकोणनव्वद.

तिने पुन्हा लावून पाहिले. एकोणनव्वदच.

आता तिला खरी ओढ लागली. जेवणाचा डबा तसाच राहिला. त्या दिवशी काय वेगळे होते, ते ती एकेक आठवू लागली. वीज गेली होती का? नाही. फोटो काढताना हात हलला? मग आज एकोणनव्वद कसे आले असते? आठवता आठवता तिला एक बारीकशी गोष्ट सापडली. आज मोजणी संपल्यावर पडदा रिकामा होता. त्या दिवशी मात्र शेवटी एक फोटो उरला होता, आणि तो तिने हाताने बंद केला होता. कॉम्प्युटर म्हातारा झालाय, असे मनाशी म्हणून बंद केला होता. त्याआधीच्या दोन वेळीही असाच एक उरला होता, हेही तिला आता आठवले. पाचांतला एक उरतो, म्हणजे तो मोजायचा राहतो. मग पाचवा मोजला गेला तो कोण?

दोनच्या सुमारास आक्काबाई झाडायला आली. निघोज्याच्या जुन्या घरातली बाई. ज्या जमिनीवर कारखाना उभा होता तिच्या बांधावर तिने लहानपणी शेळ्या राखल्या होत्या. पन्नाशीत प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाऊन अक्षर अक्षर लावून वाचायला शिकली, आणि तेव्हापासून दिसेल तो कागद वाचल्याशिवाय पुढे जात नसे. तिने मागच्या खिडकीची काच लखलखीत पुसली, फडके पिळले आणि बादली उचलून दाराकडे निघाली.

विजयश्रीची नजर पुढच्या खिडकीवर गेली. काचेवर धुळीचा एवढा थर की पलीकडची शेड नुसती राखाडी दिसत होती.

"आक्काबाई, ही कधी पुसणार?"

"ती न्हाई पुसायची."

"का बरं?"

आक्काबाईने फडक्याच्या टोकाने भिंतीवरचा कागद दाखवला. "वाचता येतं न्हवं तुमाला? मॅक्रो चालू आस्ताना म्होरल्या खिडकीला हात लावू नगं. मी येती तवा तुमचं ते चालूच आस्तंय. तीन वर्सं झाली, बोट लावलं न्हाई मी. दादासाहेब लई कडक माणूस."

विजयश्रीला आधी हसू आले. "अहो, ते या खिडकीबद्दल नाहीये. तिथं पुढची लिहिलंय, म्हणजे नंतरची."

"पुढची म्हंजी म्होरली," आक्काबाई म्हणाली. शाळेत पंधरा वर्षे घालवलेल्या बाईला एवढे कळू नये, याचे तिला वाईट वाटलेले दिसले. "ही म्होरली, ती मागली. नंतरची आन् कुठली? खिडकीला का नंबर लागत्यात?"

बादली घेऊन ती गेली. विजयश्री कागदाकडे पाहत राहिली.

पुढचा रविवार, पुढचा स्टॉप, पुढचा फोटो: जो अजून यायचा आहे तो. आणि पुढचे दार, पुढची खोली, पुढचे दात: जे समोर आहेत ते. पंधरा वर्षांच्या शाळेत आणि तीन वर्षांच्या कागदात तिला हे एकदाही वेगळे दिसले नव्हते.

तिने तिसऱ्या हीटचे फोटो पुन्हा मॅक्रोला दिले. दुसरा फोटो मोजला जात असताना, ज्योतीराम असता तर केले असते तसेच केले: वाईट नमुन्यावर क्लिक केले आणि तो ओढून शेजारी लावला. मग फक्त पाहत बसली. दुसऱ्याची मोजणी संपली, तो बंद झाला. मॅक्रोने पाळीचा तिसरा घ्यायचा सोडून तिने नुकताच पुढे आणलेला नमुना घेतला, इमानेइतबारे मोजला आणि बंद केला. शेवटी पडद्यावर एक फोटो उरला आणि त्याच्या शेजारी आकडा आला.

शहात्तर.

म्हणजे ज्योतीराम खिडकीशी आला आणि तिने त्याचे कौतुक करायला घेतले, की त्याच्या चार मोत्यांत ती स्वतःच्या हाताने एक किडा मिसळत होती. जे बघायला येत नव्हते त्यांचे आकडे बरोबर येत होते.

तिने मंचरजवळच्या गावी दादासाहेबांना फोन लावला. मागे पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता.

"दादासाहेब, त्या कागदावरची पुढची खिडकी म्हणजे कुठली?"

"कुठली म्हणजे? पुढची. सगळ्या खिडक्यांच्या पुढे असते ती. मॅक्रो तिच्यावरच काम करतो. दुसऱ्या कशाला हात लावलात की ती पुढं येणार."

"मी नंतरची समजले."

"नंतरची असती तर नंतरची लिहिलं असतं."

"मग निदान वरची तरी लिहायचं होतं."

"वरची लिहिलं असतं तर तुम्ही छताकडे बघितलं असतंत," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आले. "किती हीट गेल्या?"

तिने सांगितले. पंपाचा आवाज बंद झाला. त्यांनी कुणाला तरी बंद करायला सांगितला असावा.

"विजयश्रीबाई, मी तिथं फोटोंना नाव घेऊन हाक मारायला हवी होती. नुसतं 'समोर असेल तो घे' असं लिहिलं. त्या वेळी कॉम्प्युटरपुढे मी एकटा बसायचो. माझ्याशिवाय कोण हात लावणार, असं वाटायचं."

"आता मारू नावानं हाक?"

"मारा. अकराव्या ओळीपासून बघा. आणि आधी एक प्रत काढून ठेवा."

तिने तोवर मॅक्रो कधी उघडून पाहिला नव्हता. ते दादासाहेबांचे देवघर होते. शनिवारी तिने तो उघडला. प्रत्येक हुकमाच्या शेजारी त्यांनी मराठीत टिपण लिहून ठेवले होते, 'इथे फोटो काळापांढरा होतो', 'इथे कडेचे ठिपके सोडले'. तिने अकराव्या ओळीपासून बदलायला घेतले. प्रत्येक फोटो उघडताच त्याचा क्रमांक लिहून ठेवायचा. मोजण्याआधी तो क्रमांक पुकारून त्यालाच पुढे आणायचे, मग कुणी कशावरही क्लिक केलेले असो. मोजलेला फोटो बंद न करता डावीकडून उजवीकडे क्रमाने ओळीत लावायचा. सरासरीच्या आधी पाचही आकडे नावानिशी दाखवायचे. एक अर्धविराम विसरल्याने तासभर काहीच चालेना. सापडला तेव्हा तिला दात कोरताना अडकलेले निघावे तसे बरे वाटले.

मग तिने चारही हीट नव्याने मोजल्या. मधेच नमुन्यावर क्लिक करून, तो ओढून, मॅक्रोला हवा तितका छळून मोजल्या. पहिली नव्वद. दुसरी एक्क्याण्णव. तिसरी एकोणनव्वद.

चौथी एकोणऐंशी.

तिने चौथी तीनदा लावली. एकोणऐंशीच. तुकडा काढून डोळ्यांनी पाहिला, तर ठिपके चपटे, काही फाटलेले. ही हीट खरीच कमी होती.

सोमवारी सलिलसाहेबांच्या केबिनमध्ये तिने दोन कागद ठेवले. त्यांनी वाचले, पुन्हा वाचले.

"म्हणजे प्रॉब्लेम ज्योतीरामचा नव्हता, कॉम्प्युटरचा होता."

"कॉम्प्युटरचा नाही. त्याला जे पुढं ठेवलं ते त्यानं मोजलं. पुढं मी ठेवलं."

"तीन हीटचा माल आपण परत वितळवला, मॅडम."

"हो. तो चांगला होता. दुसऱ्या कागदावर तेच लिहिलंय. सही केली आहे."

साहेबांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. "तुम्हाला मेमो द्यावा लागेल. फाइलला लागेल तो."

"द्या."

"आणि ही चौथी? तीन चुकल्या तर चौथीही त्यातच गेली असं म्हणता आलं असतं. मी विचारलंही नसतं."

"पण ती गेलेलीच आहे," विजयश्री म्हणाली. "का गेली ते मला अजून कळलेलं नाही."

साहेबांनी पेनचे टोपण लावले. "चार महिन्यांत एक. एवढं तर सगळ्यांचं जातं. राहू दे त्याला भट्टीवर."

दुपारी काच वीतभर सरकली.

"ताई, तीन सुटल्या म्हणं आमच्या."

विजयश्री उठून खिडकीशी गेली. "ज्योतीराम, चूक माझी होती. तुमचा चांगला माल वाया गेला."

"वाया कुठं? भट्टीतच आला की परत. मीच वितळवला त्याला," तो म्हणाला. मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, "झोप नव्हती बघा चार दिवस. घरी सांगितलं नव्हतं." तिने मान हलवली. मग तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "अन् चौथा? त्यो परत नीट दाखवता का?"

दुसऱ्या पाळीचा तुकडा मॅक्रोवर लावलेला होता. मोजणी चालू होती. विजयश्रीचा हात माउसवर गेला आणि सवयीने थबकला. मग तिने खुशाल क्लिक केले, चौथ्या हीटचा फोटो उघडला आणि वाईट नमुन्याशेजारी लावला. मागे मॅक्रो आपल्या फोटोंना क्रमांकाने पुकारत राहिला.

ज्योतीरामने डोके जवळजवळ खांद्यापर्यंत आत घातले. "हे माझं?"

"तुमचंच. नमुन्याइतकं वाईट नाही, पण बघा, गोल राहिलेले नाहीत. भट्टीतून काढून मॅग्नेशियम टाकलं की हे गोळे धरतात. त्यानंतर ओतायला उशीर झाला तर पुन्हा बिघडतात. गुरुवारी काही झालं होतं का?"

तो आठवू लागला. ओठ हलत होते, मनातल्या मनात पाळी पुन्हा चालवत असल्यासारखे.

"क्रेन अडकली होती," तो सावकाश म्हणाला. "जेवायच्या सुट्टीआधी. रस भरलेलं भांडं वर लटकून होतं. आठ मिनिटं असंल, नऊ असंल. मग सोडलं तसंच ओतून."

"नऊ मिनिटं," विजयश्रीने पेन घेतले. "नक्की नऊ?"

"घड्याळ न्हवतं बघितलं. पण क्रेनवाल्याच्या वहीत आसंल." तो डोके बाहेर काढू लागला. "आणतो विचारून. तवर बंद नका करू ते."

तो शेडमधून भराभर चालत जाताना तिला काचेतून स्पष्ट दिसला, कारण पलीकडून आक्काबाई ओल्या फडक्याने काच पुसत होती आणि तीन वर्षांची धूळ ओघळून चौकटीवर जमत होती. भिंतीवरच्या कागदाची जागा मोकळी होती.